भिंत पाहायला बुरोंडीला

कोकणात लोक समुद्र पाहायला जातात, मासे खायला जातात, देवाला जातात. आम्ही भिंत पाहायला गेलो. आम्ही म्हणजे मी आणि माझी भाची सई. परत आल्यापासून जो तो विचारतो, "काय काय पाहिलंत?" आणि मी खरं उत्तर दिलं की समोरचा माणूस माझ्याकडे काळजीने बघायला लागतो. तेव्हा एकदाच काय ते लिहून टाकतो.

सई पुण्यात कॉम्प्युटर गेमची कामं करणाऱ्या एका लहानशा कंपनीत आहे. अख्खे गेम तिथे होत नाहीत. परदेशातल्या मोठ्या कंपन्या गेम करतात आणि त्यातली झाडं, पिंपं, जिने, घरं असली कामं इकडे पाठवतात. सईच्या हाताखाली चौघं आहेत. त्यांना एक मोठं काम मिळायचं घाटत होतं, समुद्रकाठचं एक पूर्ण गाव. त्याआधी नमुना म्हणून एक घर करून पाठवायचं होतं. नमुना पसंत पडला तर पुढचं सगळं गाव त्यांचं. नाही पडला तर हा विभाग बंद करून सगळ्यांना लग्नाच्या अल्बमच्या कामाला बसवणार, असं मालकाने तोंडावर सांगून ठेवलं होतं.

मी जन्मभर नाटकाचे सेट रंगवले. लाकडी चौकटीवर ताणलेल्या कापडाचा राजवाडा करायचा आणि पुढच्या नाटकात त्याच कापडाची चाळ. दहाव्या रांगेतून जे दिसत नाही त्यावर रंग वाया घालवायचा नाही, हे मी शिकलो आणि इतरांना शिकवलं. त्यामुळे सईने मला पहिल्यांदा ऑफिसात बोलावून पडद्यावरची एक विटांची भिंत दाखवली, वीट न वीट, विटेतला कण न कण, तेव्हा मी म्हणालो, "बरी आहे. पण हे बघत बसला तर माणूस खेळणार कधी?"

सईने पडद्यातल्या भिंतीपुढचा दिवा फिरवला. दिवा डावीकडून उजवीकडे गेला आणि विटांच्या फटीतल्या सावल्या उजवीकडून डावीकडे सरकल्या. मी खुर्ची पुढे ओढली.

सेट रंगवणाऱ्यालाच यातलं दुखणं कळेल. कापडावर दगड काढायचा तर त्याची सावलीही आपणच रंगवतो, आणि ती एकाच बाजूला रंगवता येते. प्रयोगाच्या वेळी कुणी उलट्या बाजूने उजेड टाकला की सगळं पितळ उघडं पडतं. दिवेवाल्यांशी माझी आयुष्यभर भांडणं झाली ती यावरूनच.

"भिंत सपाटच आहे, मामा," सई म्हणाली. "फक्त प्रत्येक ठिपक्याला सांगून ठेवलंय, तुझं तोंड कुठल्या बाजूला आहे. उजेड आला की कुणी उजळायचं आणि कुणी काळं पडायचं ते ठिपके ठरवतात."

मला ते फार आवडलं, आणि आवडलं म्हणून थोडा रागही आला. हे जर तेव्हा असतं! मग माझं लक्ष भिंतीपुढच्या माणसाकडे गेलं. तो बंदूक घेऊन उभा होता आणि त्याचा चेहरा शोकेसमधल्या पुतळ्यासारखा होता. तेवढ्यावरून मी सईला छळून घेतलं.

नमुन्याच्या घराला तिला जांभा दगड हवा होता. सईच्या चौघांतला नौशाद दापोली तालुक्यातल्या बुरोंडीचा. त्याच्या बहिणीच्या लग्नाचे फोटो ऑफिसात फिरत होते. सगळ्यांनी नवरी पाहिली, सईने नवरीमागची भिंत पाहिली. अर्धा गिलावा गळालेला, आतला तांबडा चिरा भोकाभोकांनी उघडा, खाली पावसाळ्याचं शेवाळ. "हीच," ती म्हणाली. नौशादने घरी फोन केला. त्याला स्वतःला यायला जमेना, तो पडद्यावर नमुन्याच्या घराचा सांगाडा तयार करत बसला होता. सईला सोबत हवी होती आणि भिंतींवर मुरलेला एक डोळा हवा होता. गणपती उरकले होते, मीही रिकामाच होतो.

मंडणगड

थेट बुरोंडी न गाठता आधी मंडणगडला मुक्काम केला. एकाच भिंतीवर विसंबायला नको, दोनचार जास्तीच्या भिंती गाठीशी असाव्यात, असा सईचा विचार.

अशा फोटोंना ऊन चालत नाही हे मला तिथे कळलं. उन्हाची सावली फोटोत उतरली की ती कायमची चिकटते, मग पडद्यावर दिवा कितीही फिरवा. आभाळ भरलेलं हवं, पण पाऊस नको, कारण ओला दगड चमकतो. लॉजच्या मालकाने सकाळी चहा देताना कौतुकाने सांगितलं, "आज झकास उघाडी हाय हां!" आणि आमची तोंडं उतरली. तो बिचारा गोंधळला. त्याच्याकडे येणारे सगळे पाहुणे उन्हासाठी नवस बोलतात.

दहाच्या सुमारास ढग आले. बाजाराच्या मागच्या उतारावर एक जुनी भिंत सापडली. सईने तिला मोजपट्टी लावली, तिपाईवर कॅमेरा चढवला, पुढे रंग जुळवता यावेत म्हणून बाजूला एक करडा पुठ्ठा टेकवला. दोन फोटो होतात न होतात तोच घरातून लेंगा-बंडीतले एक गृहस्थ धावत आले आणि भिंतीला पाठ लावून, हात पसरून उभे राहिले.

"आधी मना सांगा, रस्ता कुठवर येनार?"

"कुठला रस्ता?" मी विचारलं.

"मोजनी करताव आनि वर मलाच विचारताव? माझा घर रस्त्यापासून लांब हाय. समोरच्यांचा पडवीचा भाग पुढं आलाय, त्यांचा मोजा!"

समोरचे तोवर बाहेर आलेच होते. सईने कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर फोटो दाखवले, आपण सरकारी नाही हे शपथेवर सांगितलं, गेममध्ये भिंत घालायची आहे असंही सांगितलं. त्यावर दोघांचाही विश्वास बसला नाही. इतक्या लांबून, इतकं सामान घेऊन, दुसऱ्याच्या पडक्या भिंतीचा फोटो काढायला कुणी येतं, हे कुणाला खरं वाटेल? शेवटी आम्ही सामान आवरलं. जाताना ते गृहस्थ माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मामा, वर साहेबांना सांगा, हिकडनं वळन जमनार नाय." मी सांगतो म्हणालो.

गाठीला फोटो दोनच, आणि दुसऱ्याच्या कडेला मोजणीची धास्ती घेतलेला एक कोपर. आता सगळी मदार बुरोंडीवर होती.

बुरोंडी

दापोली सोडल्यावर रस्ता सड्यावरून जातो. सडा म्हणजे जांभ्याचं उघडं पठार. एरवी तव्यासारखं तापणारं, पण पावसाच्या शेवटाला त्यावर बोटभर मातीतही तेरडा आणि पिवळी सोनकी फुललेली. मी गाडी थांबवायला लावली. सई खाली उतरली आणि फुलं सोडून फुलांखालच्या दगडाकडे बघत राहिली. मग उतार, माडांचे शेंडे, सुकत घातलेल्या मासळीचा वास, आणि गाव.

नौशादचे वडील इब्राहिमभाई रस्त्यावरच उभे होते. पांढरी दाढी, चौकड्याची लुंगी, कडक इस्त्रीचा शर्ट. जहाजाच्या इंजिनखात्यात नोकरी करून आता घरी बसलेले. "पयल्यांदा घर बघा, मग बसू," म्हणत ते आम्हाला पुढच्या अंगणात घेऊन गेले आणि नवी बोट दाखवावी तसा हात लांब करून त्यांनी भिंत दाखवली.

भिंत पिस्ता रंगाची होती. खाली कमरेपर्यंत चॉकलेटी पट्टा, आणि दोन्हींच्या मध्ये बोटभर पांढरी रेघ. गळालेला गिलावा भरून काढलेला. शेवाळाचा मागमूस नाही. ऑइलपेंटचा वास अजून ताजा होता.

"नौशाद बोलला, पुन्यासनं लोक येतायत, घराचे फोटो बाहेरच्या देशात जानार," इब्राहिमभाई म्हणाले. "म्हटला, असा घर दाखवायचा काय जगाला? रंगाऱ्याला बोलावला. चार दिसात सगळा काम केला."

आतून नौशादची आई हलिमाबी आल्या. डोक्यावरचा पदर सारखा करत त्यांनी सईला विचारलं, "आवडला ना? रंग मीच सांगितला."

"छान झालाय," सई म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक निघाला की मला तिच्याकडे बघवेना. मला हसूही येत होतं, आणि ते गिळता गिळता नाकी नऊ आले. नौशादने फोनवर सगळं सांगितलं होतं, रंग लावू नका एवढं मात्र सांगितलं नव्हतं. कोण सांगेल? पुण्यात पाहुणे यायचे म्हणून आम्ही फार तर सोफ्यावरचं कापड बदलतो. या माणसांनी घर रंगवून घेतलं होतं.

फोटो न काढून भागणार नव्हतं. सईने पिस्ता भिंतीचे मन लावून फोटो काढले, समोरून, कडेने, दाराचेही, आणि शेवटी दाराशी नवराबायकोंना उभं करून. मग आम्ही आत जेवायला बसलो.

जेवणाबद्दल लिहिलं नाही तर पाप लागेल. तांदळाच्या पातळ भाकऱ्या, सुरमईचं कालवण, आणि सांदणं. मला सांदणं माहीत होती ती फणसाची, पिवळी. ही पांढरीशुभ्र, तांदूळ आणि नारळाची, इतकी हलकी की मी किती खाल्ली ते सई अजून लोकांना सांगते. ती स्वतः मात्र एकच सांदण बोटाने टोचत बसली होती. हलिमाबींच्या नजरेतून ते सुटलं नाही.

जेवणं झाल्यावर इब्राहिमभाईंनी विचारलं, "पोरगा करतो काय नेमका, ता तरी दाखव." सईने लॅपटॉप उघडून तीच विटांची भिंत आणि तोच फिरता दिवा दाखवला. इब्राहिमभाईंनी चष्मा लावून ते दोनदा बघितलं, मग तिसऱ्यांदा लावायला सांगितलं. "इंजिनखोलीत असाच व्हायचा," ते म्हणाले, "कंदील घेवन चालला की पायपांच्या सावल्या चालायच्या. बरोबर पकडलंनी हां." ते मनापासून खूष झाले होते.

हलिमाबींनी मान तिरकी करून बघितलं. "भिंतीवर इतकी मेहनत! आनि हा मानूस? हा तर मयतासारखा दिसतो."

मी टाळीच द्यायचा बाकी होतो. सई हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. मग तिने एका दमात सगळं सांगितलं. तिला गळालेला गिलावा आणि शेवाळ हवं होतं, जुनाच दगड हवा होता, नमुना पसंत पडला नाही तर ती आणि नौशाद आणि बाकीचे लग्नाच्या अल्बमला बसणार.

"म्हंजे रंग दिला ता चुकला आमचा," इब्राहिमभाई म्हणाले.

"नाही चाचा, चुकलं नाही..."

हलिमाबी तडक उठल्या आणि आत गेल्या. मला वाटलं, झालं, चार दिवस खपून घर सजवलं आणि ही पोरगी शेवाळ मागते, दुखावल्या. मी सईला डोळ्याने दटावलं. इतक्यात घराच्या मागून हाक आली.

"ये गो हिकडं!"

मागच्या अंगणात धुण्याचा दगड होता, पाण्याचं पिंप होतं, आणि त्यामागे घराची मागची भिंत. तिला रंगाऱ्याने हात लावला नव्हता. पागोळ्यांच्या पाण्याने चिऱ्यांवर काळे ओघळ उतरलेले, सांध्यातला चुना विरघळून गेलेला, खाली हिरवं शेवाळ, वर सुकून करडं झालेलं, आणि जांभ्याच्या भोकांमध्ये कुठे कुंभारमाशीचं मातीचं घर, कुठे नेचा. लग्नाच्या फोटोतली भिंत हिच्यापुढे काहीच नव्हती. सईने तोंडावर हात धरला.

"ही काय कुनाला दाखवायची भिंत नाय," हलिमाबी म्हणाल्या. "पन तुमचा दोघांचा काम अडला असेल तर घे."

सईने कॅमेरा लावला आणि ऊन पडलं. मंडणगडपेक्षा लख्ख. ढग यायची चिन्हं नव्हती आणि आम्हाला संध्याकाळच्या आत घाट गाठायचा होता. मग मी म्हटलं, आपणच ढग करू. हलिमाबींनी चादर आणली, ती लाल फुलांची. तिच्यातून गाळून आलेलं ऊन भिंतीवर लाल पडेल म्हणून सई नको म्हणाली. तेव्हा त्यांनी ट्रंकेतली पांढरी, पाहुण्यांसाठी घडी घालून ठेवलेली चादर काढली. एका टोकाला काठी बांधून इब्राहिमभाई उभे राहिले, दुसऱ्या टोकाला मी. सई पुढे सरकेल तसे आम्ही सरकायचो. माझे गुडघे बोलायला लागले होते. नाटकात उजेडाशी भांडलो, इथे त्याला नुसतं अडवून धरायचं होतं, आणि ते जास्त अवघड निघालं.

चादर धरल्या धरल्या इब्राहिमभाईंनी विचारलं, "या खेळात मानसा करतात काय?"

सईने फोटो काढणं थांबवलं नाही. "सैनिक येतात, चाचा. गावात लपलेल्यांना शोधतात. गोळीबार होतो."

"आमच्या घराशी?"

"घर तुमचं नसणार. फक्त दगड. तुमच्या दगडाचं दुसरंच घर."

"नि भिंतीला गोळी लागली तर?"

"भोकं पडतात. आता प्रत्येक भोकाची कड वेगळी दिसते, तेच नवीन आहे." हे म्हणताना तिच्या आवाजात आनंद आला आणि लगेच तो तिला स्वतःलाच ऐकू आला असावा. ती कॅमेऱ्यामागून वर बघायला लागली.

इब्राहिमभाईंनी चादर खाली केली नाही. मग भिंतीच्या मधोमध असलेल्या मागच्या दाराकडे त्यांनी हनुवटीने खूण केली. साधं फणसाच्या लाकडाचं दार, तेलकट हातांनी कडीपाशी काळं झालेलं. ते फोटोत किती सुंदर येईल हे मी मघापासून मनात म्हणत होतो.

"दगड न्या हवा तेवढा," ते म्हणाले. "खेळ तो खेळ, त्यात माझा काय म्हनना नाय. पन ह्या दारानं हिची दिवसभर ये-जा असते. घरातल्या बायका ह्याच दारानं जातात-येतात. तिथनं कोन बंदूक घेवन आत शिरला नको. दार नको न्यायला."

हलिमाबी पिंपाशी उभ्या होत्या. सईने या मागच्या दाराचे जे फोटो आधी निघाले होते ते इब्राहिमभाईंना दाखवून कॅमेऱ्यातून पुसून टाकले. हे दार खेळात येणार नाही असा तिने शब्द दिला आणि उरलेली भिंत दार सोडून टिपली. निघताना हलिमाबींनी नौशादसाठी सांदणांचा डबा दिला, आणि त्यातली निम्मी मी घाटात खाल्ली.

पुन्हा पुणे

पुढचे काही दिवस सई घरी नुसती झोपायला येत होती. मग एका दुपारी तिने मला ऑफिसात बोलावलं. नौशादने दिवा माझ्या हातात दिला, म्हणजे माऊस दिला, आणि मी तो त्या भिंतीवरून फिरवला. जांभ्याच्या एकेका भोकात अंधार भरला आणि रिता झाला. शेवाळाची कड उजळली, विझली. मला भरून आलं, आणि ते लपवायचं मला काही कारण वाटलं नाही. मी ज्या सावल्यांसाठी जन्मभर लोकांशी वैर धरलं त्या इथे बोलावल्या की येत होत्या. माणूस अजून मयतासारखाच होता, आणि तेही मी सांगितलं.

नमुना परदेशी गेला. उत्तर आलं ते सईने मला फोनवर वाचून दाखवलं. दगड त्यांना फार आवडला होता. असं जवळून पाहिलेलं काही आजवर कुणी पाठवलं नव्हतं. दुरुस्ती एकच: मागच्या भिंतीला दार हवं, खेळणारा त्या बाजूने घरात शिरतो. तेवढं केलं की गाव तुमचं.

मालकाच्या लेखी हे काम पाच मिनिटांचं होतं. त्यांच्या साठ्यात दारांना तोटा नाही, लोखंडी, लाकडी, हवी तशी. आणि खरंच, इब्राहिमभाईंचं दार तर कुणी वापरणार नव्हतं. सईने नौशादला विचारलं. नौशादने पडद्यावर मागची भिंत पुढे घेतली.

"दार दुसरं लावलं तरी उघडणार त्याच जागी," तो म्हणाला. "तू म्हणशील तसं करतो. पण मला विचारशील तर नको."

सई मला म्हणाली, त्या रात्री तिला झोप आली नाही. पाच जणांचं काम एका दारावर अडलं होतं, आणि ज्याला शब्द दिला होता तो माणूस ते दार कधीही बघणार नव्हता.

सकाळी तिने बुरोंडीला केवळ माणुसकी म्हणून काढलेले फोटो उघडले. दोन दिवसांत तिने आणि नौशादने घराची पुढची बाजू उभी केली, पिस्ता भिंत, चॉकलेटी पट्टा, बोटभर पांढरी रेघ आणि पुढचं दार. ऑइलपेंटची चकाकी दिवा फिरवला की भिंतीभर फिरायची. ते दगडापेक्षाही अवघड काम होतं असं ती म्हणते. सोबत तिने लिहिलं की या घरांत मागच्या दाराने बाहेरचं माणूस आत येत नाही. यायचं तर पुढून यावं लागतं. हे चालत नसेल तर क्षमस्व.

चार दिवस उत्तर नाही. मालकाने तिच्याशी बोलणं टाकलं. पाचव्या दिवशी आलं: हा रंग खरोखरच असतो का? असतो, असं कळवलं. मग चालेल, म्हणाले, रस्ता पुढून वळवून घेऊ. काम मिळालं.

त्या संध्याकाळी नौशादने घरी फोन लावला तेव्हा मी तिथेच होतो. फोन सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला होता. पुढची भिंत गेममध्ये गेली, रंगासकट, आणि लोक आता पुढच्या दाराने आत येणार, हे त्याने वडिलांना सांगितलं. पलीकडून इब्राहिमभाईंचा आवाज आला.

"पुढच्या दारानं येतायत तर येव देत. पन त्यांना सांग, बंदूक पडवीत ठेवायची."